परसातलं टर्फ : आधी काळ्या मातीचं बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सांगलीजवळ बंगला, मागे ३० बाय ५० फूट मोकळी जागा, जमीन काळी. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. दोघांना क्रिकेट आणि फुटबॉल खेळायचंय, जमलं तर बास्केटबॉलची रिंगही हवी आहे. एका ठेकेदाराने सांगितलंय की तीन इंची पीसीसी (सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट) मारू, वर ५० एमएमचं टर्फ म्हणजे कृत्रिम गवत, आठ दिवसांत काम पूर्ण, पाडव्याला उद्घाटन करा. हे बरोबर आहे का, टर्फ कोणतं घ्यावं आणि त्यात काळ्या रबराचे दाणे टाकावेत का, असं तुम्ही विचारलंय.

गेली चौदा वर्षं मी हेच काम करतो. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो एकच शब्द, 'काळी'. मुरमाड जमीन असती तर माझं उत्तर अर्ध्या पानात संपलं असतं.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये रानात भेगा पडतात, त्यात अख्खा हात जातो, हे तुम्ही रोज बघता. तीच माती तुमच्या स्लॅबखाली असणार आहे. तीन इंचांचा कोबा तिच्या पाठीवर टाकला म्हणून ती श्वास घ्यायची थांबत नाही. मी स्वतः सुरुवातीच्या काळात हीच चूक केली आहे. अशाच काळ्या रानाच्या कडेला एक छोटं कोर्ट केलं होतं, तीन इंची पीसीसी, वर चांगल्यातलं टर्फ. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात घरमालकांचा फोन आला की मधल्या पट्ट्यात चेंडू उडी घेतोय. मी गेलो, गुडघ्यावर बसून टर्फवरून तळहात फिरवला, तर गवताखाली हाताला धारदार कड लागली. जोड उसवून टर्फ मागे दुमडलं. स्लॅब आडवा तडकला होता, एक बाजू बोटाच्या पेराएवढी वर आलेली, आणि फटीतून काळा गाळ वर येऊन टर्फच्या पाठीला चिकटून वाळला होता. पाण्याची भोकं त्या गाळानं बुजलेली. सगळं उखडून पुन्हा केलं, माझ्या खर्चानं. त्या दिवसापासून मी घरची कामं घेताना आधी टर्फचे नमुने दाखवत नाही, फावडं मागतो.

तेव्हा पाडव्याचं उद्घाटन विसरा. मी तुम्हाला सांगतो तो क्रम थोडा सबुरीचा आहे : मार्च-एप्रिलमध्ये खोदाई आणि मुरूम, मग एक पूर्ण पावसाळा मोकळं सोडायचं, आणि टर्फ दिवाळीनंतर. भराव पावसानं जसा बसतो तसा कुठल्याही रोलरनं बसत नाही. जून ते सप्टेंबर पाणी कुठे साचतं, कुठे खड्डा पडतो, कुठली कडा खचते हे जमीन स्वतःच दाखवते. ऑक्टोबरमध्ये ते खड्डे भरून पुन्हा रोलर फिरवला की पुढं निर्धास्त. आणि तोवर पोरं मुरमावर खेळतील. आपल्याकडे कित्येक गावांत क्रिकेट आजही मुरमावरच होतं. पाच-सहा महिन्यांत तुम्हालाही कळेल की ती खरंच रोज खेळतात की नव्याची नवलाई होती. रोज खेळत नसतील तर टर्फ टाकूच नका, चार झाडं लावा. हे मी मनापासून सांगतोय. प्लास्टिकचा एवढा मोठा गालिचा जमिनीवर अंथरायचा तर त्याचा रोज वापर व्हायला हवा.

आता खोदाई. दीड फूट काढा. १,५०० चौरस फुटांवर दीड फूट म्हणजे साडेबावीस ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती, आणि मोकळी झाली की ती फुगते, त्यामुळे डंपरच्या खेपा त्या हिशेबानं धरा. ती कुठं टाकायची ते आधी ठरवा. शेतकरी आनंदानं नेतात. खोदताना लव्हाळ्याच्या गाठी दिसल्या की मजुरांना त्या वेचायला लावा, मातीत मिसळू देऊ नका. लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं. खालचं कापड भेदतं, टर्फची पाठ भेदतं आणि पहिल्या पावसात तुमच्या हिरव्या कोर्टावर खरं गवत उगवतं. हरळीचंही तसंच, पण लव्हाळा जास्त चिवट.

तळ साफ झाला की जिओटेक्स्टाइलचं न विणलेलं कापड, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) आसपासचं, जोडांवर फूटभर एकावर एक घेऊन अंथरा. याचं काम एकच, काळी माती वरच्या मुरमात घुसू न देणं. त्यावर दहा इंच मुरूम, पाच-पाच इंचांच्या दोन थरांत. प्रत्येक थराला पाणी पाजायचं, एक दिवस जाऊ द्यायचा, मग रोलर. दहा इंच एकदम ओतून वरून दाबणारा मिस्त्री दिसला तर काम थांबवा, वरचे चार इंच दाबले जातात आणि खालचा मुरूम पोकळच राहतो. दाबून साडेबारा ब्रास लागेल, म्हणजे पंधरा-सोळा ब्रास मागवावा लागतो. मुरूम मूठभर हातात घ्या, ओला करून वळा. मऊ गोळा होऊन बोटांना चिकटला तर त्यात माती आहे, परत पाठवा.

उतार द्यायचा तो मुरमालाच. चांगला दाबलेला मुरूम पाणी फारसं खाली जाऊ देत नाही, म्हणजे काळ्या मातीवर तो झाकणासारखा बसतो. घराकडून मागच्या भिंतीकडे १०० ला १, म्हणजे ३० फुटांत साधारण साडेतीन इंच. डोळ्यांना दिसत नाही, खेळताना जाणवत नाही, पाण्याला मात्र कळतं. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढा, दोरी ताणा आणि दर पाच फुटांवर तपासा.

पाण्याचा अंदाज देतो. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर या जागेवर सात हजार लिटर पाणी पडतं, घरगुती टँकरभर. ते सगळं मागच्या कडेला येणार. तिथे मुरमात नाली काढून चार इंची भोकांचा पीव्हीसी पाइप, कापडात गुंडाळून, खडीत बसवा. शेवटी गाळ अडवायला एक छोटा चेंबर आणि तिथून पाणी बाहेरच्या गटारीला. शोषखड्ड्याच्या भरवशावर राहू नका, काळ्या मातीत तो पहिल्या आठवड्यातच तुंबतो. हे पाणी विहिरीत किंवा बोअरमध्येही सोडू नका, त्यात वाळूबरोबर प्लास्टिकचे तंतू येतात. आणि गच्चीचे पन्हाळी पाइप कोर्टावर उतरत असतील तर ते आधी वळवा. हे इतकं साधं काम असूनही दहापैकी आठ घरांत राहून जातं.

पावसाळ्यानंतर मुरूम दुरुस्त केला की सहा इंच खडी : खाली चार इंच ४० एमएमची, वर दोन इंच २० एमएमची. त्यावर दोन इंच कच (खडी फोडताना निघणारी बारीक चुरी), पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरनं दाबून. शेवटचा हात गवंड्याचा. तीन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी कचेवर कुठेही आडवी-उभी ठेवा, खाली पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. टर्फ काहीही झाकत नाही. खालचा प्रत्येक उंचवटा चेंडूला लागतो.

चारी बाजूंना, एकूण १६० फूट, सहा इंच रुंद आणि फूटभर खोल काँक्रीटची कडा घ्या. टर्फचा काठ तिला चिकटतो हे एक कारण. दुसरं कारण घुशी. उघड्या काठाखालून घूस शिरली की एका रात्रीत कच बाहेर काढते, आणि कोर्टाच्या मधोमध पाय आत जातो तेव्हा कळतं.

खेळाबद्दल. बास्केटबॉल टर्फवर होत नाही. चेंडू उसळतच नाही, ड्रिबल करता येत नाही. रिंग पुढच्या पार्किंगच्या काँक्रीटवर लावा, मुलं तिथे जास्त शिकतील. सगळे खेळ एकाच पृष्ठभागावर मागितले की एकही नीट मिळत नाही. पृष्ठभाग बदलला की खेळ किती बदलतो याचं आपल्यासमोरचं उदाहरण हॉकीचं आहे. १९७६च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली आणि तोवर सात सुवर्णपदकं जिंकलेला भारत तिथे सातवा आला. मातीवर मनगटानं चेंडू फिरवणाऱ्या खेळाडूंना वेगळाच वेग सामोरा आला होता. म्हणून मुलांना पुढं कुठल्या जमिनीवर खेळायचंय हे विचारून मग गवत निवडा.

तुमच्याकडे ५० फूट लांबी आहे. दोन्ही टोकांना जाळीपासून चार फूट सोडून यष्ट्या लावल्या तर मध्ये ४२ फूट म्हणजे १४ यार्ड उरतात. पूर्ण खेळपट्टी २२ यार्डांची असते. टेनिस बॉल, दोन पावलांचा रनअप किंवा अंडरआर्म, एवढ्यात छान क्रिकेट होतं. फुटबॉल तिघं-तिघं.

यासाठी ५० एमएम नको. एवढं उंच गवत मोठ्या फुटबॉल मैदानांसाठी, स्टड्सच्या बुटांसाठी असतं, आणि उभं राहायला त्याला रबराचा थर लागतो. घरी ३५ ते ४० एमएम घ्या, एका तंतूचं पॉलिइथिलीन, मध्ये कणा असलेलं, म्हणजे पाय पडला तरी पुन्हा उठणारं. टर्फमध्ये खाली तपकिरी कुरळे धागे दिसले तर ते बहुधा बागेच्या शोभेचं आहे, खेळाचं नाही. दुकानात ते हाताला जास्त मऊ लागतं, त्यामुळे माणसं फसतात. विक्रेता 'डीटेक्स'चा मोठा आकडा सांगेल. डीटेक्स म्हणजे १० हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, त्यानं धाग्याची जाडी कळते, पण एका चौरस मीटरमध्ये असे धागे किती शिवलेत ते कळत नाही. ते वेगळं विचारा आणि लेखी घ्या. मग नमुना हातात घेऊन तीन गोष्टी करा. पाठीवर दुमडा, मुळाशी किती दाट आहे ते दिसतं. पक्कडीनं एक झुपका ओढा, सहज निघाला तर पाठीचा लेप कच्चा आहे. आणि तांब्याभर पाणी ओता, भोकांतून लगेच खाली गेलं पाहिजे. मुलं लहान आहेत म्हणून रंगात शिसं नसल्याचा प्रयोगशाळेचा रिपोर्टही मागा. अमेरिकेत २००८ मध्ये काही टर्फमध्ये ते सापडलं होतं आणि तेव्हापासून हा रिपोर्ट मागणं रीतसर झालंय.

टर्फ कसं अंथरायचं यात पैसे वाचतात, म्हणून जरा आकडेमोड. तुमची जागा ९.१४ बाय १५.२४ मीटर. ठेकेदार सवयीनं दोन मीटर रुंदीचे पट्टे लांबीला टाकतात : पाच पट्टे, १५५ चौरस मीटर माल, आणि चार जोड मिळून ६१ मीटर शिवण. त्याऐवजी चार मीटर रुंदीचा रोल आडवा टाका : ९.३ मीटरचे चार पट्टे, १४९ चौरस मीटर माल आणि जोड फक्त तीन, मिळून २७ मीटर. टर्फ फाटतं ते बहुतेक वेळा जोडावरच, त्यामुळे जोड निम्म्याहून कमी होणं ही मोठी गोष्ट आहे. एक जोड नेमका फलंदाजाच्या पायाखाली येत नाही ना, तेवढं कागदावर आखून बघा.

रोल उघडून दोन-तीन तास उन्हात पडू द्या, सुरकुत्या आपोआप जातात. सगळ्या पट्ट्यांचं गवत एकाच दिशेला झुकलेलं हवं. एखादा पट्टा उलटा लागला तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो वेगळ्या रंगाचा दिसतो, आणि तो उचलण्याशिवाय इलाज नसतो. कारखान्याची कडा पाठीमागून, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून कापायची. दोन पट्ट्यांमधलं अंतर टाक्यांच्या ओळींमधल्या अंतराएवढंच, म्हणजे जोड नजरेला सापडत नाही. खाली ३० सेंटिमीटर रुंद टेप आणि दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद. साध्या रबर सोल्यूशननं चिकटवतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. गोंद लावताना कच कोरडी हवी आणि हवेत दमटपणा नको, दिवाळीनंतरचे दिवस मी सांगतोय त्याचं हेही एक कारण. जोडावर वाळूची पोती ठेवून रात्रभर सोडा.

आता रबराचा प्रश्न. घरी काळं रबर टाकू नका. ते जुन्या टायरांचं असतं, उन्हात तापून वास मारतं, पावसात वाहून चेंबरमध्ये जातं आणि मुलांच्या मोज्यांतून थेट गादीवर पोचतं. युरोपियन युनियननं २०२३ मध्ये मैदानात टाकायच्या अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा निर्णय घेतला, मैदानांसाठी मुदत २०३१ पर्यंतची आहे. मुख्य कारण हे की हे दाणे मातीत आणि पाण्यात पसरतात आणि परत गोळा करता येत नाहीत. तुमच्या घरामागे रान आहे, पुढं कृष्णा आहे. नुसती सिलिका वाळू पुरे. धुतलेली, पूर्ण कोरडी, गोल दाण्याची, ०.४ ते ०.८ मिलिमीटर. चौरस मीटरला २० किलो धरले तर ५० किलोची ५६ पोती. ती एकदम ओतायची नाही, तीन-चार पातळ थरांत पसरून प्रत्येक वेळी ताठ ब्रशनं गवताच्या झुकावाच्या उलट दिशेनं घासायचं, म्हणजे वाळू मुळाशी बसते आणि तंतू वर उभे राहतात. पोती कमी टाकून वेळ आणि पैसा वाचवणं ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे. रिकामी पोती मोजून घ्या. नदीची वाळू चालत नाही, तिच्यातल्या मातीचा थर धरतो आणि शेवाळ येतं. खाली कच असल्यानं वेगळ्या शॉक पॅडची, म्हणजे टर्फखालच्या धक्का शोषणाऱ्या मऊ थराची, तुम्हाला गरज नाही. पीसीसीवर मात्र ते लागलंच असतं, आणि तुमच्या ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखच नाही.

उन्हाबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी ठासून सांगतो. एप्रिलच्या दुपारी टर्फचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढं जातो. मुलं घरच्या घरी अनवाणीच धावतात, आणि त्या तापलेल्या प्लास्टिकवर तळवे खरोखर पोळतात. पाणी मारलं तर अर्धा तास दिलासा, पुन्हा तेच. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि पाचनंतर, हा घरचा नियम करा. पश्चिमेला कडेपासून दहा-बारा फूट सोडून एखादं कडुलिंब लावा. आंबा नको, मोहोर चिकट पडतो आणि गवतातून निघत नाही.

जाळीचे खांब आणि दिव्यांच्या केबलसाठीचे पाइप हे सगळं मुरमाच्या वेळीच करून घ्या. खांब जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे), किमान अडीच इंची, काँक्रीटच्या कडेबाहेर, अडीच-तीन फूट खोल. काळ्या मातीत त्याहून कमी नको, जाळी वारा धरते. जाळीची भोकं दीड इंची. फुटबॉलची चार इंची घेतली तर टेनिस बॉल शेजारच्यांच्या न्हाणीघराच्या काचेवर. वरूनही जाळी हवी. दिवे १६-१८ फुटांवर, तोंड खाली, शेजारच्या खिडकीत उजेड जाणार नाही असे, आणि त्यांच्या सर्किटवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. ओल्या कोर्टावर अनवाणी मुलं आणि वीज, इथं काटकसर नको. खांब आणि जाळीसाठी परवानगी लागते का, हे ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत आधीच विचारा.

देखभाल थोडी आहे, पण आहे. पंधरा दिवसांतून एकदा ब्रश, पाला रोजच्या रोज, वर्षातून एकदा दोन-चार पोती वाळू. पावसाळ्यात भिंतीलगतच्या सावलीत शेवाळ धरतं, सौम्य ब्लीचिंगच्या पाण्यानं घासून भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर तिथेच कुणीतरी घसरून पडतं. एवढं केलं तर घरच्या वापरात सात-आठ वर्षं जायला हरकत नाही. नंतर गवत बदलायचं, खालचं तसंच राहतं. म्हणून खर्चाची कात्री लावायची वेळ आलीच तर टर्फ एक पायरी हलकं घ्या, मुरूम आणि खडी कमी करू नका.

ठेकेदार तोच ठेवलात तरी माझी हरकत नाही, कोटेशन मात्र बदलून घ्या. खोदाई, मुरूम, खडी, कच, निचरा, कडा, टर्फ, गोंद-टेप, वाळू, जाळी, दिवे, प्रत्येकाची जाडी किंवा वजन आणि दर वेगळा लिहून. 'टर्फ कामासह इतके रुपये फूट' अशी एक ओळ असेल तर सही करू नका. दहा टक्के रक्कम टर्फ टाकल्यानंतरचा पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा आणि हे आधीच लिहून घ्या. हॉटेलसारख्या चमकदार फोटोंवर जाऊ नका. त्यानं तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम पावसात बघून या, आणि तिथल्या जोडांवरून अनवाणी चाला.

खोदाईचा दिवस ठरवायच्या आधी एक करा. घराचा जुना नकाशा काढून सेप्टिक टँक आणि ड्रेनेजची लाइन परसातून कुठून जाते ते बघा. नकाशा नसेल तर ज्या प्लंबरनं काम केलं त्याला बोलवा आणि चुन्यानं आखून घ्या. कोर्टाखाली चेंबर येत असेल तर मला त्याचा कडेपासूनचा नेमका फूट-इंचाचा आकडा कळवा, कारण मग कोर्ट दोन-तीन फूट सरकवावं लागेल आणि वरचे पट्ट्यांचे आकडे पुन्हा मांडावे लागतील.